वर आलेल्या टिकल्या

नोएमी बेंतान्कुर डॉक्टर नव्हती. राजधानीत जाऊन तिने तीन वर्षांचा प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम केला होता, तोही दुसऱ्या वर्षाला एकदा गटांगळी खाऊन. पण उरुग्वे नदीकाठच्या त्या मांसाच्या कारखान्यात पांढरा कोट घालून बसणारी ती एकटीच, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! पहिली दोनेक वर्षं 'अहो, मी डॉक्टर नाही' असं तिने म्हणून पाहिलं. मग म्हणायचं सोडलं. पुढे पुढे तर कुणी नुसतं 'नोएमी' अशी हाक मारली की तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडायला लागली.

देशातल्या गुरांत लाळ्या-खुरकूत होती तोवर उत्तरेतले श्रीमंत देश इथलं कच्चं मांस दारात उभं करत नव्हते. शिजवून पाठवा, म्हणायचे. म्हणून मांसाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशव्यांत ठासून हातभर लांबीचे लोड करायचे, गाड्यावर रचायचे आणि गाडा उकळत्या पाण्याच्या हौदात सोडायचा. लोडाच्या अगदी गाभ्यात एकोणऐंशी अंशांवर उष्णता पोचली पाहिजे, असा नियम. पोचली की नाही हे हौदावरचा माणूस लोडात तापमापक खुपसून बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पण वही काय, लिहाल ते निमूट ऐकते. म्हणून प्रत्येक घाण्यातला एक लोड नोएमीकडे यायचा.

तिची तपासणी दिसायला पोरखेळ होती. मांसात एक एन्झाइम असतं, ते उष्णतेने मरतं. लोडाच्या गाभ्याचा तुकडा कापायचा, त्याच्या रसात टिपकागदाची छोटी टिकली भिजवायची आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या नळीत टाकायची. टिकली बुडाशी जाते. एन्झाइम मेलेलं असेल तर बिचारी तिथेच पडून राहते. जिवंत असेल तर तिच्या अंगावर बुडबुडे धरतात आणि ती वर येते. वर आली की समजायचं, गाभा कच्चा आहे, वहीत काहीही लिहिलेलं असो. पाहुणे आले की नोएमी हा खेळ करून दाखवायची आणि शेवटी हात झटकून म्हणायची, "माणूस खोटं बोलेल. कागद खोटं बोलत नाही." पाहुणे माना डोलवायचे. हे वाक्य तिला फार आवडायचं.

हौदावर विल्मार ओलिवेरा होता. एकसष्ट वर्षांचा, त्यातली तेहतीस वर्षं वाफेत उभा राहिलेला, त्यामुळे चेहरा कायम नुकता दाढी केल्यासारखा लालबुंद. गाडा वर आला की तो आधी लोडावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ऐंशी." किंवा म्हणायचा, "अजून चार मिनिटं." मग तापमापक खुपसायचा, आणि बहुतेक वेळा हाताचा आणि पाऱ्याचा आकडा एकच निघायचा. लोक थट्टा करायचे. "विल्मार, माझ्या बायकोच्या कपाळाला हात लावून बघ रे, सकाळपासून तापलीय!" तो हसायचा, पण तापमापक खुपसल्याशिवाय त्याने कधी आकडा लिहिला नाही. हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नव्हतं. लोकांच्या लक्षात राहिला तो हात.

आता शुक्रवारचं सांगायला हवं, कारण सगळं शुक्रवारने केलं.

शुक्रवारी दुपारी बॉयलरच्या मागच्या अंगणात निखाऱ्यावर मांस भाजायची पद्धत होती. अर्धं कापलेलं पिंप, त्यावर जाळी, खाली लाकडाचे निखारे. आठवडाभर मांसातच हात घालणाऱ्या माणसांना शुक्रवारी पुन्हा मांसच लागायचं, त्याला इलाज नाही. सगळा कारभार तिमोतेओ नावाच्या बॉयलर-मिस्त्रीकडे. अडचण एकच, कापाकापीच्या खात्यातल्या सुऱ्या जेवणाच्या सुट्टीत मोजून कुलपात जायच्या. मग तिमोतेओ प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, शस्त्रक्रिया आहे! हत्यार द्या!"

नोएमी आपली पातळ, लखलखीत सुरी आणि छोटी फळी खिडकीतून द्यायची. प्रयोगशाळेची वस्तू बाहेर देऊ नये हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या बदल्यात भाजलेल्या बरगडीचा पहिला तुकडा तिला मिळायचा, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत. आणि परत आल्यावर सुरी-फळी दोन्ही ती अर्धा तास उकळायची. म्हणजे नियम मोडला तरी काही बिघडत नव्हतं, असं तिने स्वतःला पटवून ठेवलं होतं.

अकरा जूनचा शुक्रवार. तिकडे जून म्हणजे हिवाळा, कडाक्याची थंडी होती. परदेशी तपासनीस दुपारी चारला यायचा तो दीडलाच फाटकाशी गाडी लावून उभा. अंगणात कच्च्या बरगड्या कापून नुकत्याच जाळीवर चढवल्या होत्या. व्यवस्थापक बारेइरो धावत आला, "नोएमी, पळा, साहेबाला आधी तपासणी बघायचीय!" तिने तिमोतेओच्या हातातून सुरी-फळी ओढून घेतली, वर जाऊन गार पाण्याच्या नळाखाली धरली, स्वच्छ फडक्याने पुसली. उकळायला वेळ होता कुठे? आणि साहेब तर दारातच उभा होता.

तिने सकाळच्या घाण्याचा लोड कापला. पाच नळ्यांत पाच टिकल्या टाकल्या.

पाचही वर आल्या.

साहेबाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नोएमीने दुसऱ्यांदा पाच टाकल्या, त्याच फळीवरच्या तुकड्याच्या. त्याही आल्या, एकीमागून एक, शाळा सुटल्यासारख्या. बारेइरोने हौदावरची वही मागवली. तिच्यात विल्मारच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: साडेऐंशी.

विल्मारला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला, ओल्या बुटांनी, दारात थबकला.

"हे काय लिहिलंयस?" बारेइरोने विचारलं.

"साडेऐंशी. होतं तेवढं."

"तापमापक घातला होतास? का हातच लावलास नेहमीसारखा?"

"घातला होता. घातल्याशिवाय मी लिहीत नाही, बारेइरोसाहेब."

"मग हे काय आहे? हे काय आहे, विल्मार?" बारेइरोने नळ्यांकडे बोट केलं. दहा टिकल्या फेसात तरंगत होत्या.

विल्मारने त्यांच्याकडे पाहिलं. मग नोएमीकडे. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?"

साहेब बघत होता. बारेइरो बघत होता. आणि नोएमीच्या तोंडून ते वाक्य निघालं, इतक्या वर्षांच्या सवयीने, हातसुद्धा झटकून. "कागद खोटं बोलत नाही, विल्मार."

"नाही बोलत," तो म्हणाला. "मग माझंच चुकलं असेल. मला वाटतं मी घातला होता. पण तुम्ही म्हणता तर नसेल घातला."

त्याने भांडायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता, कामगार संघटनेच्या माणसाला बोलवायला हवं होतं. पण हा माणूस नोएमीवर विश्वास ठेवून बसला होता. तापमापक न खुपसता आकडा लिहिला, अशा कागदावर त्याने सही केली. सगळा घाणा खताच्या भट्टीत गेला. साहेबाने जाताना नोएमीशी हस्तांदोलन केलं आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला की, जो कारखाना स्वतःची चोरी स्वतः पकडतो त्याच्यावर आमचा भरवसा. सोमवारपासून विल्मार कातड्यांना मीठ लावायच्या खात्यात गेला. तिथे नवी पोरंसुद्धा आठवड्यापेक्षा जास्त टिकत नव्हती.

बुधवारी, सोळा तारखेला, नोएमी शीतपेटी आवरत होती. प्रत्येक लोडाचा अर्धा भाग न कापता गोठवून ठेवायचा असा नियम होता. त्या घाण्याचा अर्धा लोड तिच्या हाती लागला. साहेबाच्या फाइलला जोडायला आणखी एक नोंद बरी, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं यश पुन्हा एकदा बघायची हौस, म्हणून तिने तो वितळवून उकळलेल्या फळीवर उकळलेल्या सुरीने कापला आणि टिकल्या टाकल्या.

पाचही बुडाशी बसल्या.

ती थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही हलली नाही. तिने आणखी पाच टाकल्या, मग आणखी पाच. नळ्या संपल्या तेव्हा तिने खुर्ची ओढली आणि बसली.

मग तिने कापाकापीच्या खात्यातून बोटभर कच्चं मांस मागवलं. सुरीने ते फळीवर कापलं, सुरी-फळी गार पाण्याने धुतली, स्वच्छ फडक्याने पुसली आणि नीट शिजलेला तुकडा त्यावर कापला. टिकली टाकली. ती बुडाशी टेकलीसुद्धा नाही, अर्ध्यातूनच वर आली. गार पाण्याने रक्त दिसेनासं होतं, एन्झाइम मरत नाही. फळीच्या चिरांत बरगड्यांचा रस मुरला होता. हे अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नोएमीने ते कारखान्यात येणाऱ्या शाळेच्या मुलांना शिकवलं होतं.

गुरुवारी ती बारेइरोकडे गेली. गेली, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

बारेइरोने सगळं ऐकून घेतलं. उठून दार लावलं. "आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बरं झालं. हे बघा नोएमी, साहेबाचा अहवाल गेलाय. त्यात तुमचं नाव आहे. आता आपणच जाऊन सांगायचं, की आमची प्रयोगशाळा दुपारच्या जेवणाच्या सुरीने तपासणी करते? उद्या कारखान्याला टाळं लागेल. सातशे माणसं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण विल्मार..."

"त्याला काढलंय का कुणी? खातं बदललंय फक्त. दोन वर्षांनी निवृत्त होईल. आणि खरं सांगा, हाताने ताप बघतच होता ना तो? आज नाही तर उद्या चुकलाच असता."

"तो तापमापक घालत होता. नेहमी घालत होता."

"तुम्ही बघितलंय? दर वेळी?"

तिने बघितलं नव्हतं. आणि हेही तिने स्वतःपासून लपवलं नाही, की तो प्रश्न ऐकून तिला बरं वाटलं. धरायला खुंटी मिळाली. "तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून ती जिना उतरली. हलकी उतरली, एकेक पायरी सोडून. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या उतरण्याची.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तिमोतेओ खिडकीशी. "डॉक्टरीणबाई, शस्त्रक्रिया!"

"सुरी धार लावायला दिलीय."

"अरे देवा! मग आज दाताने फाडू की काय?" तो कुठूनतरी जुना कोयता घेऊन आला आणि काम भागलं. पहिला तुकडा त्याने नेहमीप्रमाणे नोएमीसमोर धरला. "घ्या! आठवड्याचा मान तुमचाच. म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडलंत. मी नेहमी म्हणायचो, तो हात एक दिवस त्याला गोत्यात आणणार." बाकीचे हसले. मिठाच्या खात्यातून शुक्रवारी कुणी अंगणात येत नसे, अंगाला वास येतो म्हणून. नोएमीने तुकडा घेतला. चावला. गिळला. 'नको' म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडेल याची तिला भीती वाटली.

आठवडा गेला. ती कामावर यायची, लोड कापायची, टिकल्या टाकायची. सगळ्या बुडाशी बसायच्या. नवा माणूस हौदावर बरा होता, जरा जास्तच शिजवायचा. साहेबाकडून कौतुकाचं पत्र आलं आणि बारेइरोने ते काचेच्या चौकटीत लावलं. ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागली, मग टेबलच फिरवून घेतलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

पंचवीस तारखेला, पुन्हा शुक्रवारीच, सकाळी दारावर टकटक झाली. दारात विल्मार. बूट बाहेर काढून आला होता, मोज्यांवर उभा. हातांना मिठाने भेगा पडल्या होत्या, आणि तेच हात तो कोटाच्या खिशांत लपवत होता.

"वास येतो, आत येत नाही," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं, डॉक्टरीणबाई. वेळ आहे?"

"या ना, आत या. बसा."

"उभाच बरा. काय आहे, हे तुमचं एन्झाइम... माणसाचं असं काही तपासता येतं का? रक्तातलं वगैरे? डोक्याचं?"

"डोक्याचं म्हणजे?"

त्याने मागे वळून पाहिलं, बोळात कुणी नाही याची खात्री केली. "मला आठवतंय, बाई. मी त्या दिवशी तापमापक घातला होता. लोड डावीकडून तिसरा. पारा चढताना दिसतोय मला, अजूनही. ऐंशीवर जरा अडकला, मग अर्धा वर गेला. म्हणजे जे झालंच नाही ते मला दिसतंय. कळतंय ना तुम्हाला? विसरणं निराळं. विसरतात सगळेच. पण हे..." तो थांबला. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. मेलेल्या बहिणीशी गप्पा मारायची. तेव्हा ती माझ्याच वयाची होती."

नोएमीच्या जिभेवर आलं होतं. दोन शब्दांचं काम होतं: घातला होतात. तिला पुढे कुणी विचारलं असतं की का नाही बोललीस, तर तिला सांगता आलं नसतं. नऊ दिवस गप्प राहिलं की दहाव्या दिवशी बोलायला नऊ दिवसांचाही हिशेब द्यावा लागतो, एवढंच असावं.

"थकवा असेल," ती म्हणाली. "झोप घेत जा. जास्त विचार करू नका."

"तसं असेल तर बरं." त्याने मान हलवली. "बायको, डेल्मिरा, मी गॅस बंद केला का ते माझ्या मागोमाग येऊन बघते. मला दिसू नये असं बघते, पण दिसतं. असो. तुमचे उपकार आहेत, बाई. तुम्ही पकडलंत म्हणून कळलं तरी. नाहीतर तिकडे कुणाची तरी पोरं आजारी पडली असती, आणि मी आपला साडेऐंशी, साडेऐंशी लिहीत बसलो असतो."

तो बूट घालून गेला. बराच वेळ त्याला नाडी बांधता येत नव्हती, आणि ती दारामागे उभी राहून ते ऐकत होती.

शनिवारी तिने पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यात सगळं आलं: सुरी, फळी, गार पाणी, अर्धा लोड, बुडाशी बसलेल्या टिकल्या. बारेइरोच्या नावे, साहेबाच्या नावे, कामगार संघटनेच्या नावे. सही केली, आणि सहीखाली मुद्दाम लिहिलं: प्रयोगशाळा तंत्रज्ञ.

रविवारी दुपारी ती विल्मारच्या घरी गेली. घर नदीच्या उतरणीवर, पत्र्याचं, निळ्या दारांचं. रविवारचा दिवस म्हणून टेबलावर शेवयांचं मोठं पातेलं होतं, टोमॅटोच्या रश्शात बुडालेलं, आणि भोवती सगळे: विल्मार, त्याची बायको डेल्मिरा, लेक, आणि आठ-नऊ वर्षांची नात. दारात डॉक्टरीणबाई बघून विल्मार धडपडत उठला, गळ्यातला रुमाल काढून टाकला.

"या, या! डेल्मिरा, ताट आण! अहो, तुम्ही कशाला आलात, निरोप धाडायचा..."

"ताट नको," नोएमी म्हणाली. "आधी ऐका. मग ठरवा."

तिने उभ्यानेच सांगितलं. पत्र हातात होतं पण वाचलं नाही. सांगताना ती विल्मारकडे बघू शकली नाही, पातेल्याकडे बघत राहिली. "तुम्ही तापमापक घातला होतात," ती शेवटी म्हणाली. "साडेऐंशीच होतं. चूक माझी. माझ्या सुरीवर कच्चं मांस होतं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही."

मग डेल्मिराने हातातली पळी खाली ठेवली आणि ती मोठ्यांदा रडायला लागली. "ऐकलंस का रे म्हाताऱ्या?" ती त्याला खांद्याला धरून हलवत होती. "शाबूत आहेस! मेल्या, शाबूत आहेस तू! आणि मी काडेपेट्या लपवल्या घरातल्या!" लेकही डोळे पुसत हसायला लागली. नातीला काही कळलं नाही, ती पण हसली.

विल्मारने बायकोचा हात थोपटला. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते नोएमीला उमगेना. "सुरीवर," तो म्हणाला. "म्हणजे शुक्रवारच्या बरगड्या."

"हो."

"होतं असं. घाईत माणसाचं होतं." तो खरोखरच तसं म्हणाला, समजूत घातल्यासारखं. "साहेब लवकर आला होता ना त्या दिवशी. मी बघितली होती गाडी."

नोएमीने शिव्या गृहीत धरल्या होत्या, ही समजूत नव्हे. तिने पत्र पुढे केलं. "यात सगळं लिहिलंय. उद्या तिघांनाही देते."

विल्मारने चष्मा शोधला. नातीने तो फडताळावरून आणून दिला. त्याने पत्र टेबलावर पसरलं, रश्शाचे डाग लागू नयेत म्हणून आधी हाताने जागा पुसली, आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"सगळं आहे," तो म्हणाला. "एक राहिलं. तारीख."

"आहे की. वर, उजवीकडे."

"ती पत्र लिहिल्याची. मी म्हणतो ते, तुम्हाला कळल्याची."

विल्मारने मधल्या एका ओळीवर बोट टेकवलं.

"अर्धा लोड वितळवला, असं लिहिलंय. कधी?"

पाच मसुदे लिहिले होते तिने. सुरी कोणत्या हाताने पुसली इथपर्यंत लिहिलं होतं. आणि पाचही वेळा ही एकच गोष्ट हाताखालून निसटली होती, किंवा हातानेच ती बाजूला सारली होती.

"सोळा," ती म्हणाली. "बुधवार."

"म्हणजे परवा मी आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं तेव्हा."

"हो, विल्मार."

डेल्मिराचं रडणं थांबलं होतं. विल्मारने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. रागाने नाही. वहीत आकडा राहिला की हौदावरच्या कुठल्याही माणसाला तो जसा म्हणाला असता तसंच म्हणाला, "लिहा."

ती वाकली आणि लिहिलं: मला ही चूक बुधवार, सोळा जून रोजी समजली. अक्षर वेडंवाकडं आलं. त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला, ती ओळ वाचली आणि बायकोकडे वळला.

"होडी कधी नेली गं त्याने?"

"शनिवारी," डेल्मिरा म्हणाली. "एकोणीस तारखेला. सकाळी."

"माझ्या बापाने बांधलेली," तो नोएमीला म्हणाला, समोरच्याला माहीत नसेल म्हणून सांगावं तसा. "एकेक फळी मी हातात दिली होती त्याला, हिच्याएवढा असताना. या पोरीला घेऊन दर रविवारी जायचो बेटावर. पण जे झालं नाही ते ज्याला दिसतं, त्याने पोरीला पाण्यात कसं न्यायचं? म्हणून देऊन टाकली. नदीच्या वरच्या अंगाला कुणीतरी घेतली, नावसुद्धा विचारलं नाही मी."

त्याने पत्राची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. "हे मीच देतो उद्या," तो म्हणाला.

डेल्मिराने ताट आणून ठेवलं होतं, शेवया वाढलेल्या, वर किसलेलं चीज. बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि जा असंही नाही. नोएमी ताटासमोर उभी राहून तीन दिवस मोजत होती: बुधवार, गुरुवार, शुक्रवार.